दोघींसाठी घेतलेली खोली

घाटकोपरच्या त्या घरात पहाटे पाचला घंटा व्हायची आणि मला रोज वाटायचं, घंटा वाजवणाऱ्या बाईला एक दिवस तरी ताप यावा. तिला कधी आला नाही. घंटेमागून न्हाणीघरापुढे रांग, रांगेत कुणाची तरी भांडणं, मग खालच्या मोठ्या खोलीत महाराजांच्या फोटोसमोर प्रार्थना. मी डोळे मिटून हात जोडायची आणि बसल्या बसल्या झोपायची. शेजारी बसलेली आई कोपरानं ढोसायची. चहा मिळेपर्यंत मी कुणाशी बोलत नसे, आणि चहा मिळाल्यावरही फारसं बोलावंसं वाटायचं नाही.

घर एका भाविक मंडळानं चालवलेलं होतं. ज्या बायांना जायला जागा नाही त्यांनी यायचं, पायावर उभं राहीपर्यंत राहायचं आणि मग आपली वाट धरायची, असा नियम. नवऱ्यानं टाकलेल्या, मुलांनी हाकललेल्या, दवाखान्यातून सुटल्यावर घरी न नेलेल्या, अशा सगळ्या तिथे होत्या. आम्ही मायलेकी काकांकडून आलो होतो. वडील गिरणीत होते. संप लांबला, गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही, आणि त्यातच ते गेले. आम्ही सगळे एकत्र राहायचो ती परळची खोली काकांच्या नावावर. वर्षश्राद्ध होईपर्यंत काकांनी कळ काढली, मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि आमची वळकटी दोनदा जिन्यात गेली. तिसऱ्यांदा आम्हीच उचलली.

मी तेव्हा अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवर नजर ठेवायची, संध्याकाळी बसमध्ये उभ्यानं डुलकी काढायची आणि घरी यायचं. ‘घरी’ म्हणायचं आपलं. तिथे आल्यावर पाळ्या असत. भांड्यांची पाळी, झाडण्याची पाळी, पोळ्यांची पाळी. आरती झाल्याशिवाय जेवण नाही, आणि जेवताना बोलायचं नाही. वर झोपायच्या खोलीत ओळीनं खाटा, प्रत्येकीच्या खाटेखाली तिची ट्रंक. कुणी कूस बदलली तरी सगळ्यांना कळायचं. कुणी रडायला लागली तर रडू ओसरेपर्यंत सगळ्याच जाग्या.

आणि गुरुवार! गुरुवारी देणगीदार यायचे. कुणाच्या आईची पुण्यतिथी, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, त्यानिमित्त आम्हाला जिलेबी. आम्ही ओळीनं बसायचं, एखादीनं अभंग म्हणायचा, शेटजींच्या सुनेनं हसतमुखानं वाढायचं आणि आम्हीही हसतमुखानं खायचं. ती माणसं चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पण सतत कुणाचे तरी आभार मानत जगणं किती थकवतं, ते ज्याला करावं लागलं त्यालाच माहीत. मला जिलेबी नकोशी झाली ती तेव्हापासून.

मला फक्त एक दार हवं होतं, आतून कडी लागणारं. आत मी आणि आई. तिनं भात टाकावा, मी पाय पसरून बसावं, आणि आरतीला चला म्हणून कुणी हाक मारू नये. रोज बसमध्ये उभी असताना मी ही खोली मनात लावत असे. स्टोव्ह इकडे, आईची खाट खिडकीपाशी.

आईला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तिनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. काकांकडे ती कुणाच्या वाटेत न येता, मूग गिळून वावरायची. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवायची. तिला माझ्याइतकीच, किंबहुना जास्तच, सुटका हवी असणार असं मी धरून चालले होते.

पण त्या घरात आईचं काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. झालं असं की, आम्ही येऊन काही महिने झाले असतील, एक बाई आली. चेहरा सुजलेला, एक डोळा बंद. बोलेना, जेवेना. घराच्या प्रमुख होत्या त्यांना आम्ही माई म्हणायचो. माईंनी समजावलं, प्रार्थना म्हटली, एक-दोघींनी “काय झालं गं, सांग तरी” करून पाहिलं. बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली. आई दुपारची मेथी निवडायला म्हणून तिच्या शेजारी जाऊन बसली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गावाकडे कोकमाची सोलं कशी वाळवतात, यंदा पावसानं त्यांची कशी वाट लावली असेल, असलं काहीबाही आपल्याशीच बोलत राहिली. मग अर्धी जुडी तिच्यापुढे सरकवली. संध्याकाळपर्यंत ती बाई मेथी निवडत होती, आणि रात्री जेवली.

तेव्हापासून नवी बाई आली की माई म्हणायच्या, “आधी काकूंना हाक मारा.” पुढे काकूंचं आई झालं. मी कामावरून यायची तर माझी आई कुणाच्या तरी शेजारी बसून शेंगा सोलत असायची आणि कुणीतरी तिला “आई, इकडे बघा ना” म्हणत असायचं. मला राग यायचा. सरळ सांगते, मत्सर वाटायचा. दिवसभर राबून मी येणार, आणि माझ्याच आईशी बोलायला मला रांगेत उभं राहायचं! एकदा मी तिला म्हटलंही, “माझ्यासाठी पण थोडी ठेव.” ती हसली आणि माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढली. तिला वाटलं, मी पोळीबद्दल बोलतेय.

देवाधर्माचं तिचं बोलणं वाढलं होतं असं नाही. महाराजांच्या फोटोला फूल घालताना ती एवढंच म्हणायची, “बघतास मां?” आणि कामाला लागायची. मला ते घर म्हणजे धर्मशाळा वाटायचं आणि तिला तिथे कुणीतरी बघतंय असं वाटायचं. एकाच छपराखाली राहून आम्ही दोन वेगळ्या घरांत होतो, आणि हे मला पार शेवटी कळलं.

खोली अचानकच मिळाली. कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या भावाची नाशिकला बदली झाली. दिंडोशीच्या वसाहतीत त्याची खोली होती, ती बंद ठेवण्यापेक्षा विश्वासाचं कुणीतरी राहावं असं त्याला वाटत होतं. “तू आणि आई, दोघीच ना? झकास! मग काही प्रश्नच नाही,” मैत्रीण म्हणाली. मी त्या दिवशी पॅकिंगमध्ये दोनदा चुकले आणि सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या, तरी मला हसू येत होतं.

मी सगळं दोन-दोन घेतलं. दोन ताटं, दोन वाट्या, दोन भांडी, दोन चादरी. आईसाठी जुनी पण दणकट खाट मालाडच्या बाजारातून आणली. खिडकीला पडदा शिवला. मग एका रविवारी तिला घेऊन गेले. दोन बस बदलून पोचेस्तोवर ती घामाघूम झाली होती. तिनं खोलीभर नजर फिरवली, नळ सोडून पाहिला, खाटेवर बसून पाहिलं.

“बरी आसा गो,” ती म्हणाली. “शेजारी कोण रवतत?”

“नवरा-बायको आहेत. दोघंही नोकरीला जातात.”

“आणि त्या बाजूक?”

“कुणास ठाऊक. इथे कोण कुणाच्या भानगडीत नसतं. तेच तर बरंय ना!”

 जिन्यावर सगळी दारं बंद होती, ती एकेक बघत आई सावकाश खाली उतरली. मला वाटलं, गुडघे दुखतायत.

निघायचा दिवस ठरला. माझी ट्रंक भरून झाली, आईची तशीच. आज भरेल, उद्या भरेल. शेवटी आदल्या दिवशी दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती तिथे मी गेले आणि म्हटलं, “तुझं सामान मी भरू का?”

तिनं चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली. मग म्हणाली, “मी येवचंय नाय.”

मला वाटलं, उद्या नाही, परवा येते म्हणतेय. तिनं पुन्हा सांगितलं. हय रवतंय म्हणाली, इथेच राहणार.

मी नको नको ते बोलले. हे सगळं मी कुणासाठी केलं? खाट कुणासाठी आणली? लोकांच्या दयेवर राहायची तुला सवय लागलीय, असंही बोलले. ती ऐकून घेत होती आणि कपड्यांना चिमटे लावत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “तुका दार लावन बसाचा होता. बस. दमलंस तू, माका दिसता. माका दार लावलेला सोसत नाय.”

“तिथे मी असेन ना!”

“तू सकाळी जातलंस, रात्री येतलंस. थय दिवसभर मी भिंतींशी बोलू?” मग माझ्याकडे न बघता, “काकांच्या घरात मी इतकी वर्सा रवलंय, जेवलंस काय म्हणान कोणी एकदा विचारूक नाय. हय कोण नवी इली काय पयली माका हाक मारतत. तू माका नको झालंस असा नाय गो चेडवा.”

मी तडक माईंकडे गेले. नियम माझ्या बाजूनं होता. पायावर उभं राहीपर्यंतच राहायचं, आणि आम्ही आता उभ्या होतो. त्यांनी आईला जायला सांगावं म्हणून मी जवळजवळ भांडले. माई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, त्यांच्या घोट्यांना सूज होती.

“नियम मला माहितीय, मीच केलाय,” त्या म्हणाल्या. “विश्वस्तांना काय सांगायचं ते मी बघेन. मला आता जिने चढवत नाहीत, नवीन बाई आली की तिला कसं बोलतं करायचं ते सुचत नाही. मला ती हवी आहे. तुलाही हवी आहे. आता ती काय म्हणते ते ऐकायचं, दुसरं काय करणार आपण?”

दुसऱ्या दिवशी मी निघाले. जाणाऱ्या मुलीला नारळ-तांदूळ द्यायची तिथे पद्धत होती. ते द्यायला माईंनी आईलाच पुढे केलं. आईनं माझ्या पदरात नारळ घातला, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि “गुरुवारी ये” म्हणाली. मी मान हलवली. बोलले असते तर रडले असते, आणि तिथे रडणाऱ्या बायांची कमी नव्हती.

दिंडोशीत मला हवं ते सगळं मिळालं. दार होतं, कडी होती, पाय पसरायला जागा होती. घंटा नव्हती. तरी पहाटे पाचला डोळे उघडायचे आणि मी छताकडे बघत पडायची. संध्याकाळी कुलूप काढताना हात इतके जड वाटायचे की कधी कधी मी तशीच पायरीवर टेकायची. बरेच दिवस मी समजत होते, हा थकवा त्या घरानं लावलाय आणि उतरेल हळूहळू. आई मधूनमधून यायची, एक रात्र राहायची, डबे घासूनपुसून भरून ठेवायची आणि सकाळपासून परतीची बस किती वाजता विचारायची. तिकडे कोण आलीय, कोण जेवत नाही, ते सांगताना तिचा चेहरा खुलायचा. मी ऐकायची. तिला धरून ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, मी धडधाकट होते.

एका सुट्टीच्या दिवशी मी घाटकोपरला गेले होते. आई वर कुणाचं तरी डोकं चेपत बसली होती, “इलंय हां” म्हणून तिनं वरूनच ओरडून सांगितलं. मी खाली मटार सोलायला बसले. शेजारी एक मुलगी होती, विशी-बाविशीची, गळ्यावर जुना डाग. नवीन असावी, मला ओळखत नव्हती. 

मग तिनं विचारलं, “ताई, तुम्ही आईंकडे कधी आलात?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या विचारण्यात काही वावगं नव्हतं. तिथे सगळ्याच आईकडे आलेल्या.

“सगळ्यांच्या आधी,” मी म्हटलं.

“नशीबवान आहात,” ती म्हणाली. “मग तुमच्या वाट्याला जास्त आल्या असतील.”

वरून आईचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मी तिला हो म्हटलं आणि शेंगांचा ढीग माझ्याकडे ओढून घेतला.