तात्यांच्या कुत्र्याचा पाय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. जनावरांची डॉक्टर झाले, मंचरला स्वतःचा दवाखाना टाकला, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आणि स्टीलची पट्टी नि स्क्रू घालून हाड जोडायचं तिथलं माझं पहिलं ऑपरेशन झालं ते तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या कुत्र्यावर.

तात्यांच्या ट्रॅक्टरवर बसून ते बाजाराला आलेलं. खाली उडी मारली आणि कांद्याच्या पिकअपनं उडवलं. मागच्या उजव्या पायाचं, गुडघ्याखालचं हाड मोडलं. तात्यांचं घर डिंभ्याच्या कालव्याकडेला, तिन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. पळता न येणाऱ्या कुत्र्याचं तिथं काय होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"शेळीचा पाय मी कामट्या बांधून बसवतो," तात्या म्हणाले. "ह्याला लोखंड कशाला?"

"हाडं एकमेकांवर चढलीत. नुसतं बांधलं तर पाय आखूड होईल. आणि लोखंड नाही तात्या, स्टील."

"गंजायचं न्हाई ना?"

"नाही."

"घाल मग. पर पळाया पायजे."

ऑपरेशन झकास झालं. घरी सोडताना मी बजावलं, हाड जुळेपर्यंत पिंजऱ्यात ठेवा, उड्या मारू देऊ नका. टाके काढायला गेले तर अंगणात कोंबड्या झाकायचं डालगं पालथं, वर पाट्याचा दगड आणि आत कुत्रं. बेघर झालेल्या कोंबड्या तात्यांच्या खाटेवर.

"पिंजरा कुठाय?" मी विचारलं.

"आमच्यात पिंजरा बिबट्याला लावत्यात. कुत्र्याला कोन देतंय?"

मला हसू आवरेना. पण डालग्यानं काम चोख केलं. पुढं एक्स-रे काढला तर हाड सुरेख जुळलेलं. तो फोटो मी दवाखान्यात येईल त्याला दाखवत होते.

फक्त कुत्र्यालाच ते पटलं नव्हतं. डालगं उचललं तरी ते तीन पायांवरच उड्या मारायचं, चौथा पोटाशी धरून. दोरीला धरून रोज हळूहळू चालवा म्हटलं, तात्यांनी चालवलं. शेजारचे बांधावरून विचारायचे, "डॉक्टरीणबाई, त्यो पाय शोभंला ठेवलाय का?" मी वरवर हसायचे. दवाखान्यात परतले की मात्र तो एक्स-रे पुन्हा उजेडात धरून बघायचे.

एका रविवारी सकाळी गेले. स्कूटी लावली. कुत्रं आलं, तीन पायांवरच. माझे हात चाटले, स्कूटीच्या मागच्या चाकाचा वास घेतला आणि तंगडी वर केली.

"आरं ए भाड्या, डॉक्टरच्या गाडीवर!" तात्यांनी चप्पल काढली.

मी त्यांचा हात धरला. "थांबा तात्या. वर कुठला केलाय बघा."

तात्या वाकले. वर होता डावा, धडधाकट. मागचा सगळा भार उजव्यावर, माझ्या पट्टीवर. आणि कुत्रं निवांत, अजिबात घाई नाही.

आटोपल्यावर त्यानं मागच्या दोन्ही पायांनी माती उधळली, माझ्या साडीवर. मग समोर कोंबडी दिसली आणि चारी पायांनी सुटलं ते थेट उसाच्या कडेपर्यंत.

"आवो पावणं," चप्पल हातात तशीच धरून तात्या बांधाकडं ओरडत निघाले, "या की जरा हिकडं. शोभा बगायला या."