पाणी तपासणारे भाऊ

टीव्ही घरात यायच्या आधी बल्लारपूरच्या आमच्या बैठकीत काचेच्या पेटीत शोभेचे मासे होते. त्यातला एक मेला, तसे शेजाऱ्यांकडे येणारे एक भाऊ आपणहून त्यांचे डॉक्टर झाले. नाव विचारायची उसंत त्यांनी दिलीच नाही. डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळत रोज यायचे, उजव्या हाताचं बोट पेटीत बुडवायचे आणि म्हणायचे, "पाणी गरम हाये." दुसऱ्या दिवशी, "लय थंडं हाये." मी पाणी बदलायचो, आणि मासे एकेक करून मरत राहिले.

शेवटचा मासा उरला, तेव्हा त्या बोटावरचा चुना मला दिसला.

"भाऊ, तुमचा तंबाखूच मारून राह्यला त्यायले!"

"मी तं रोज खातो. मले काई झालं काय?"

तरी वरमले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवणीनं उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्या तळहातानं पाणी ढवळलं.