माझीच हरकत

तिसऱ्या रविवारची उपासना संपत आली होती. मी लग्नाची सूचना वाचली आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "कोणाची हरकत असेल तर त्यानं आताच सांगावं." मग मीच म्हणालो, "माझी आहे."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आठवडाभर मी कोल्हापुरात कॉलेजला संस्कृत शिकवायचो आणि रविवारी पेठ वडगावजवळच्या छोट्या चर्चमध्ये पाळक असायचो. पाद्री आणि संस्कृत? लोक तोंडावर विचारायचे. मला दोन्ही कामं मनापासून आवडायची, एवढंच खरं.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात. हरकत आली तर ती मिटेपर्यंत पाळक लग्न लावत नाही. तोवर माझ्यासमोर एकही आली नव्हती.

वधू रूथ माझीच विद्यार्थिनी. टी. वाय. बी. ए., वर्गात सगळ्यात हुशार. आदल्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. "सर, लग्न सकाळी अकराला आहे. आणि शेवटचा पेपरही त्याच दिवशी अकराला."

ती तारीख मीच दिली होती, चर्चची डायरी बघून. टाइमटेबल कॉलेजच्या डायरीत होतं. कहर म्हणजे त्या दिवशी दुसऱ्या हॉलवर सुपरव्हिजन माझीच!

"बाबांना सांगितलंस?"

"ते म्हणतात, पत्रिका वाटून झाल्या. मी जास्त बोलले तर पोरीला लग्नच नको असं होईल. मला लग्न हवंय, सर. पण पेपर बुडला तर बी. एड.चं वर्ष जाईल." तिचे डोळे भरले.

म्हणून ती हरकत. कारण सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. रूथचे वडील शामराव चर्चचे पंच. ते ताडकन उठले.

"पाळकसायब, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? आचारी सांगितलाय, मांडव सांगितलाय! पेपर काय, पुढच्या साली देईल की!"

"शामराव, हरकत मिटल्याशिवाय मी लग्न लावणार नाही."

"मग दुसरा पाळक आणतो!"

तेवढ्यात नवरामुलगा उठला. एस.टी. डेपोत मेकॅनिक, एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही.

"पेपर कितीला सुटतो?"

"दोनला," मी म्हणालो.

"मग लग्न चारला लावूया की. मी गाडी घिऊन सेंटरवर थांबतो."

"आन् जेवणाचं?" शामराव ओरडले.

"आधी जेवू!" मागून बायकांमधून आवाज आला. अख्खं चर्च हसलं. शामराव पुटपुटत खाली बसले आणि मी हरकत मागे घेतली.

लग्नाच्या दिवशी पाहुणे पत्रिकेप्रमाणे अकरालाच आले, जेवले, मांडवात पेंगले. मी, रूथ आणि नवरदेव एकाच जीपमधून धुरळा खात पोचलो. रजिस्टरवर सही करताना तिच्या बोटांवर हळद होती आणि शाईही. मी हळूच विचारलं, "शेवटचा प्रश्न?"

"पुरा लिहिला, सर."

मला इतका आनंद झाला की पुढची प्रार्थनाच विसरलो.

रूथ पुढं वडगावात हायस्कूलला संस्कृतची बाई झाली. मी दोन डायऱ्यांची एक केली. शामराव मात्र माझ्याही पुढं गेले. कोणी लग्नाची तारीख मागायला आलं, की मी तोंड उघडायच्या आत तेच दरडावायचे, "बसा पावणं. आधी सांगा, पोरीचा पेपर कवा हाय?"