वरच्या मजल्यावरची घरघर

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक एकटेच राहतात. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना थंडीत पारोळा रोडवर सायकल न्यायला मनाई केली, म्हणून ते पहाटे साडेपाचला घरातच ट्रेनरवर, म्हणजे चाक जागीच फिरू देणाऱ्या स्टँडवर बसवलेली सायकल चालवतात. पायांचा जोर मोजणारा पॉवर मीटर नव्वद वॅटच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि चाळीस मिनिटांआधी उतरायचं नाही, हा त्यांचा नेम.

दिवाळीनंतर त्यांनी दाराची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. "सायकलची घरघर मधेच थांबली तर वर या, भाऊ."

तेव्हापासून मी घड्याळ समोर ठेवूनच सकाळचा चहा घेतो.

गेल्या सोमवारी बाविसाव्या मिनिटाला आवाज बंद झाला. मी किल्ली शोधली, जिना धावत चढलो, कुलूप उघडलं. ते सायकलवर ताठ बसून घड्याळ बघत होते.

"बठ्ठं ठीक शे," सगळं ठीक आहे, असं ते अहिराणीत म्हणाले. "तुम्हाला किती वेळ लागतो ते बघत होतो. तीन मिनिटं दहा सेकंद."

"सर, अशी परीक्षा घेतात का कोणाची?"

"घेतली. नापास झालात."

रागातच खाली आलो. निम्मा वेळ किल्ली शोधण्यातच गेला होता. आता ती माझ्या शर्टाच्या खिशात असते, झोपतानाही.