वकीलबाईंचं ‘आम्ही’

वारस दाखल्याच्या कामासाठी न्यायालयात गेलो होतो. पुकाऱ्याची वाट बघत मागच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात एका बड्या पुढाऱ्याचा जामीन अर्ज निघाला. सगळं शहर त्याच्या नावाने बोटं मोडत होतं, मीसुद्धा. मघाशी व्हरांड्यात तो आपल्या वकीलबाईंवर सगळ्यांदेखत खेकसला होता, “तुम्हाला काही कळतं का?” बाई जेमतेम तिशीच्या. त्यांनी गळ्यातला पांढरा बँड सारखा केला आणि त्या आत आल्या.

उभ्या राहून त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, “साहेब, आम्ही बहात्तर वर्षांचे आहोत. आम्हाला मधुमेह आहे. आम्ही कुठे पळून जाणार?”

वकील असंच बोलतात, हे मला ठाऊक आहे. तरी हसू आलं, आणि मग ते ओठांवरच विरलं. त्या माणसाचे कार्यकर्तेसुद्धा केव्हाच पांगले होते. त्याच्यासाठी ‘आम्ही’ म्हणणाऱ्या अख्ख्या शहरात या एकट्याच होत्या. तो त्यांना आवडत असेल असं नाही. पण त्याला एकटं पडू द्यायचं नाही, एवढं त्यांनी अंगावर घेतलं होतं.

घरी परतलो तर जिन्यात शेजारच्या काकूंनी नेहमीसारखं विचारलं, “तुमचा भाऊ अजून पितो का हो?” एरवी मी ‘त्याचं तो बघेल’ म्हणून सुटतो.

“हो काकू,” मी म्हणालो, “आम्ही सोडायचा प्रयत्न करतोय.”