वनमालामावशींनी मशेरी सोडली

व्यसनमुक्तीच्या फेरीत आमच्या शाळेचा फलक धरून वनमालामावशी सगळ्यांत पुढं होत्या. घोषणा मात्र देत नव्हत्या. तोंडात मशेरी असल्यावर देणार कशा? मी तिथला मास्तर. मला नुसतं हसू आलं. मशेरीला आमच्याकडं कुणी व्यसन म्हणतच नाही. बायकांनी तंबाखू तव्यावर काळी भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना लावायची, झालं.

दिवाळी सरली की गेवराईकडच्या आमच्या गावातली निम्मी घरं ऊस तोडायला जातात. मागं राहिलेल्या मुलींसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. तिथं मावशी स्वयंपाक करतात. जीभ तिखट, पण एकही पोर उपाशी झोपू देणार नाहीत.

नववीतली संस्कृती त्यांची लाडकी. आईवडील उसाच्या फडावर गेले त्याच आठवड्यात तिची दाढ ठणकायला लागली. पोरगी उशीत तोंड खुपसून रडत होती. मावशींनी आपली डबी उघडली आणि चिमूटभर मशेरी दाढेवर दाबली.

"जरा चुणचुणंल. मग गुमान झोप."

दाढ शांत झाली. दुसऱ्या दिवशी संस्कृतीनं पुन्हा मागितली, तिसऱ्या दिवशीही. पुढं दाढ बरी झाली तरी तिला मशेरी लागायचीच, म्हणून तिनं स्वतःची डबी केली.

डिसेंबरात तिला वर्गात चक्कर आली आणि दप्तरात ती डबी सापडली.

"न्हाई लावली की डोकं गच्च हुतं, सर," ती म्हणाली.

मी चिडलो. तिच्या वडिलांना, भागवतला, फोन लावायला घेतला. मावशी पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"फोन नका लावू, सर. भागवत तिला फडावर घिऊन जाईल. मग कसली दहावी? चूक माजी हाय."

बोलणं खरं होतं. एकदा फडावर गेलेली मुलगी शाळेत परत आलेली मी क्वचितच पाहिली आहे. तिची मशेरी सोडवायला मी मावशींना महिनाभराची मुदत दिली.

मावशींनी संस्कृतीला समोर बसवून चांगलं झापलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमी कावून लावता?"

मावशींची ही तेराव्या वर्षापासूनची सवय, आता पन्नाशी आलेली. त्या दुपारी त्यांनी दोघींच्याही डब्या चुलीत रिकाम्या केल्या. असा ठसका उठला की सगळं वसतिगृह खोकत अंगणात आलं.

पुढचे दिवस आम्हा सगळ्यांनाच जड गेले. आमटी खारट, भाकरी करपलेल्या, मावशी दिसेल त्याच्यावर खेकसायच्या. पहाटे दोघी मोरीवर समोरासमोर बसून एकमेकींचे दात तपासायच्या. तलफ आली की भाजलेली जवस चघळायच्या. एकदा संस्कृतीनं चोरून लावली. मावशी ओरडल्या नाहीत, तिच्याशेजारी बसून रडल्या. दुसऱ्या दिवशी मशेरीविना दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली, दोघींचीही. मावशींनी तर लावलीही नव्हती. महिना संपला तेव्हा मी मुदत विसरल्याचं सोंग केलं.

मार्चअखेर माणसं परतली. संस्कृतीची आई सुनिता लेकीला न्यायला आली, ओट्यावर टेकली आणि रीतीप्रमाणे मशेरीची डबी आधी मावशींपुढं धरली. बायकांत ही डबी कुणी नाकारत नाही. नाकारली तर वाईट वाटतं.

मावशींचा हात पुढं गेला आणि मध्येच थांबला.

"म्या सोडली, बाई."

"कवा?" सुनिता हसली.

"सत्तर दिस झाले," संस्कृती मध्येच बोलली. "माजेबी."

सुनिताचं हसू मावळलं. मावशींनी मान खाली घातली.

"माज्याच हातानं लागलती तिला. दाढ लई दुखत व्हती."

आता भांडण होणार म्हणून मी पुढं झालो. सुनिता मात्र लेकीकडं बघतच राहिली.

"मला माज्या आयनं दिलती," ती हळूच म्हणाली. "माजीबी दाढच दुखत व्हती."

तिनं मशेरी न लावताच डबी मिटली आणि लेकीला विचारलं, "तलफ किती दिस ऱ्हाती गं?"