बंदुका मोजायचं पुस्तक घेऊन शँक्सव्हिलला

इलिनॉयमधल्या आमच्या नेपरव्हिलहून पूर्व किनाऱ्यावरच्या एडिसनला विमानानं दोन तास लागतात. आम्हाला मोटारीनं दोन दिवस लागले आणि त्याला कारण मी.

२००६ ची गोष्ट. विमानात पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नव्हते आणि मामांना घेऊन तपासणीच्या रांगेत उभं राहायची माझी हिंमत नव्हती. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक, तेव्हा आमच्याकडे पाहुणे आलेले. छातीपर्यंत पांढरी दाढी, खांद्याला झोळी आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. एडिसनमधल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी व्याख्यान ठेवलं होतं. धर्माच्या नावानं हातात बंदूक घेणाऱ्या संघटना कुठून आल्या आणि कशा फोफावल्या, हा विषय. तो ऐकल्यावर मी विचारून बघितलं.

"मामा, दाढी थोडी कमी करता का?"

"तुझ्या लग्नात नाही केली, आता करू?"

मी जात्याच भित्री. २००१ साली अतिरेक्यांनी विमानं घालून टॉवर पाडले तेव्हा ऑफिसातल्या आमच्या सरदारजींनी दाढी-पगडीच्या धास्तीनं मुलांना दोन आठवडे शाळेत पाठवलं नव्हतं, ते मी विसरलेले नाही. त्यात माझं ग्रीन कार्ड कित्येक वर्षं अडकलेलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस लाल-निळे दिवे लावून हायवेवर फिरतो.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. नवऱ्याच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं, त्यामुळे गाडीत मी, मामा आणि मागे माझी दहा वर्षांची लेक ईरा. इंडियाना आणि ओहायोत रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना मका. टोलला सुटे पैसे हाताशी ठेवा, आणि घरून काही बांधून घ्या, कारण शाकाहारी माणसाला वाटेत बर्गरमधला पाव तेवढा मिळतो. आमच्याकडे दशम्या आणि दाण्याची चटणी होती. मामांनी दशमी खात व्याख्यानाची तालीम सुरू केली.

"हे एका रात्रीत होत नाही गं. आधी इजिप्तच्या तुरुंगांत माणसं अशी छळली, की त्यातली काही बाहेर आली ती दगड होऊन. मग अफगाणिस्तानात रशियाची फौज घुसली. तिच्याशी लढायला देशोदेशींची पोरं आली, श्रीमंत देशांनी पैसा दिला, शस्त्रं दिली. रशियन परत गेले, पण पोरांच्या हातातली बंदूक कोणी परत घेतली नाही. आणि निर्वासितांच्या छावण्यांत वाढलेल्या मुलांचं काय, हे तर कोणी विचारलंच नाही."

मग त्यांनी झोळीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पातळ पुस्तक काढून मागे ईराकडे दिलं. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "आई, दे आर काउंटिंग गन्स."

माझं स्टिअरिंग हललं. ते पहिलीच्या गणिताचं पुस्तक होतं. आपल्याकडे आंबे, चेंडू असतात, त्या जागी बंदुका आणि गोळ्या. दोन बंदुका अधिक तीन बंदुका किती? पुण्यात शिकायला आलेला एक अफगाण मुलगा दर सोमवारी मामांकडे जेवायला असायचा. निर्वासितांच्या छावणीत तो या पुस्तकावर गणित शिकला होता. समासात पेन्सिलीनं त्यानं सगळ्याचं इंग्रजी लिहून दिलं, पुस्तक मामांच्या हातात ठेवलं आणि मायदेशी गेला. पुढे त्याचं पत्र आलं नाही.

"आणि ही पुस्तकं कुणाच्या पैशानं छापली, माहितीये?" मामा म्हणाले. "हा रस्ता ज्यांचा आहे ना, त्यांच्याच."

"मामा, ते आत ठेवा. प्लीज."

मुक्काम ओहायोच्या टोकाला एका मोटेलात केला, खोली पंचेचाळीस डॉलर. मालक गुजराती. दारावर चादरीएवढा अमेरिकन झेंडा लावलेला. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाला, "क्या करें बेन, डर लगता है. झंडा होगा तो कोई काँच नहीं तोड़ेगा." मला तो फार जवळचा वाटला.

दुसऱ्या दिवशी मामांच्या हट्टापायी शँक्सव्हिल. टॉवर पडले त्याच दिवशी चौथं विमान जिथं पडलं, ते शेत. जायचं असेल तर सॉमरसेटला टर्नपाइक, म्हणजे टोलचा हायवे, सोडा. पुढचे रस्ते गावातले, पाट्या बारीक, आणि नेटवरून छापून आणलेला नकाशा हमखास चुकतो. टेकडीवर वारा बोचतो, जॅकेट ठेवा. तिथं बांधीव असं काही नव्हतं. जाळीचं एक कुंपण आणि त्याला लोकांनी अडकवलेल्या टोप्या, बिल्ले, जपमाळा, लहान मुलांची चित्रं. पलीकडे नुसतं गवत. 

गावातली एक म्हातारी बाई येणाऱ्यांना माहिती सांगत होती. मामांनी तिला हात जोडले, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग झोळीत हात घातला. "मॅडम, आय वाँट टू शो यू समथिंग."

चार पावलांवर टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस उभा होता. त्याची नजर दाढीवरून झोळीवर गेली आणि तिथंच थांबली. मला मरणाची भीती वाटली. मी मामांचा दंड धरला आणि ऐंशी किलोच्या प्रोफेसरला अक्षरशः ओढत गाडीत आणून बसवलं.

"अगं, तिला कळायला हवं होतं," ते एवढंच म्हणाले.

पुढच्या सर्व्हिस प्लाझात, म्हणजे हायवेवरच्या पेट्रोल-खाण्याच्या थांब्यावर, मामा झोळी गाडीत ठेवून बाथरूमला गेले. शेजारी पोलिसांची गाडी येऊन थांबली. आतला पोलीस कॉफी पीत आमच्या इलिनॉयच्या नंबरप्लेटकडे बघत होता, किंवा बघतही नसेल. मला डोळ्यांसमोर दिसलं ते असं: गाडी उघडली, झोळी उघडली, बंदुकांची चित्रं, मामा कोठडीत, आमचा व्हिसा रद्द. मी झोळीतून पुस्तक काढलं, बाकावर कुणीतरी टाकलेल्या पिझ्झाच्या रिकाम्या खोक्यात घातलं आणि खोकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. परत आले तर ईरा माझ्याकडे बघत होती.

"आई, दॅट्स हिज."

"मामाआजोबांना सांगायचं नाही. कळलं?"

तिनं मान हलवली.

एडिसनला पोचलो. ओक ट्री रोडवर बटाटेवडे छान मिळतात, पण मी माझा तसाच ठेवला. संध्याकाळी हॉलमध्ये चाळीसेक माणसं. मामा रंगात येऊन बोलले आणि म्हणाले, "आता तुम्हाला एक पुस्तक दाखवतो." झोळीत हात घातला. मग सगळी झोळी टेबलावर रिकामी केली. चष्म्याचं घर, रुमाल, पासपोर्ट. लोक थांबले होते. मामा माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. "बहुतेक कुठंतरी विसरलो."

मी पहिल्या रांगेत बसून होते. 

परतीच्या वाटेवर व्याख्यान नव्हतं, गप्पा नव्हत्या. आधी त्या मोटेलात विचारून झालं. मग इंडियानात कुठंतरी ते हळूच म्हणाले, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू, मग माणसं." माझी आजी शेवटी कुणालाच ओळखत नव्हती. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. पण आता भीती पोलिसांची नव्हती, मामांचीच वाटत होती, आणि एकदा लपवलेलं रोज थोडं जडच होत जातं. नेपरव्हिलला आल्यावर ते चिठ्ठ्या लिहायला लागले. गॅस बंद केला. गोळी घेतली. किल्ली खिशात आहे.

ते पुण्याला गेल्यावर चार महिन्यांनी मामींचा फोन आला. "अगं, यांनी व्याख्यानं घेणं सोडलं. विसरायला होतं म्हणतात. स्कूटर विकली." मी तिथल्या तिथं म्हटलं, मामांना फोन द्या.

सगळं सांगितलं. डबा, पिझ्झाचं खोकं, सगळं. 

"म्हणजे मला काही झालेलं नाही?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. तुम्ही काही विसरला नव्हता."

पुस्तकाबद्दल ते मला रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "ईराला माहीत होतं?"

"हो. मीच तिला सांगू नको म्हटलं होतं."

"चार महिने?" ते म्हणाले. "मग माझी माफी नंतर माग. आधी तिच्याकडे जा."

ईरा टेबलाशी गृहपाठ करत होती. मामांना खरं सांगितलं, म्हटल्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली. दर रविवारी मामा फोनवर तिच्याशी बोलायचे, आणि दर रविवारी विचारायचे, बेटा, तुला आठवतंय का मी ते पुस्तक कुठं ठेवलं? हे मला तिनं तेव्हा सांगितलं. ती दर वेळी नाही म्हणाली होती.

"सो आय डोन्ट हॅव टू लाय टू हिम एनीमोर?" तिनं विचारलं आणि रडायला लागली.